सायेब उन्हात येत नसे

आमच्या सायेबाशी गप्पा मारायच्या म्हणजे सारखं बूड हलवायची तयारी ठेवावी लागे. सकाळी धर्मशाळेच्या मागच्या भिंतीला टेकून त्यानं गोष्ट सुरू केली, की सावली आखडत जाई तसा तो इंचाइंचानं सरके. ऐकणाराही सरके. भिंतीजवळची सावली संपली की सायेब तोंडातलं वाक्य तसंच अर्धवट धरून उठे, आणि दुपार कलल्यावर भिंतीच्या दुसऱ्या बाजूला त्याच शब्दापासून पुढे सुरू करे. मी नवीन होतो तेव्हा पाहुण्याच्या संकोचानं आहे तिथंच बसून राही. गोष्ट संपेपर्यंत तो सावलीत आणि मी भाजलेल्या वांग्यासारखा. तो म्हणे, "सावली कोनाच बापनी नही, मास्तर. ती सरकनी का आपन बी सरकानं. लाज कसानी?"

सायेब म्हणजे कुणी साहेब नव्हे. आमच्या रनाळ्याचाच शेतकरी. पण जन्माला आला तोच दुधासारखा पांढरा. केस, भुवया, पापण्यासुद्धा मक्याच्या कणसाच्या शेंडीच्या रंगाच्या. डोळे फिकट, आणि एका जागी न ठरणारे. असं माणूस खानदेशात एखाद्या गावी असायचंच, आणि गाव त्याला भुऱ्या म्हणायचं. आमच्या गावानं त्याला एकदम बढती देऊन सायेब करून टाकलं होतं. खऱ्या नावानं, चांदू म्हणून, हाक मारणारी एकटी त्याची आई होती. गाव तिला माय म्हणे. पूर्ण गावाची ती माय होती, पण जीव सगळा या एका पांढऱ्या लेकात.

हे मला कुणी सांगितलं असतं तर माझी पहिली फजिती टळली असती. मी नाशिककडचा, नुकताच मास्तर होऊन आलो होतो आणि शाळाखात्याचे साहेब तपासणीला येणार या आवईनं माझी झोप उडाली होती. एका सकाळी पाहतो तो शाळेच्या ओसरीत गोरापान माणूस, अंगात लांब बाह्यांचा अंगरखा, हातात छत्री. मी 'उभे राहा' म्हणून ओरडलो. पोरांनी प्रार्थना म्हटली, मी टाचा जुळवून सलाम ठोकला आणि पाठ करून ठेवलेलं इंग्रजी वाक्य अडखळत म्हणून टाकलं. पोरांपैकी एकालाही हसू आलं नाही. ती पोरं नव्हतीच, मुरलेले नट होते सगळे. साहेब माझ्याकडे आले ते थेट नाकाला नाक लागेल इतके जवळ. माझ्या तोंडाला तंबाखूचा वास येतो का पाहतात असं वाटून मी श्वास रोखला. तेव्हा साहेब म्हणाले, "मास्तर, इतला कसाले घाबरनात? मी आठलाच शे. हेरना दोर आनेल शे तुमना." शाळेच्या विहिरीचा दोर त्यानं वळून आणला होता. जवळून पाहिल्याशिवाय त्याला माणूस ओळखू येत नसे. पुढे वर्षभर मी रस्त्यानं निघालो की कुणीतरी ओट्यावरून टाचा जुळवून मला सलाम करी.

त्याचं सगळं आयुष्य उन्हाला चुकवण्यात बेतलेलं होतं. शेतावर तो उजाडायच्या आधी जाऊन ऊन चढायच्या आत परते. दिवसभर ओसरीत बसून अंबाडीचे दोर वळी. पागोट्याचा शेमला इतका लांब सोडे की मान आणि दोन्ही कान झाकून तो छातीवर येई. अंगरख्याच्या बाह्या बोटांवर उतरतील अशा मायनं मुद्दाम शिवलेल्या. निघताना त्याच्या ओठांना आणि नाकाच्या शेंड्याला ती लोणी लावी. त्यामुळे सायेब वाटेनं चालला की मागे एखादं मांजर हटकून असे. उन्हाबद्दल त्याच्या मनात राग नव्हता. तो म्हणे, "ऊन म्हंजे व्याही शे. दूरथीन रामराम करो, घरमा घेवानं नही."

मी शिकलेला असल्यामुळे त्याला ज्ञान देण्याची खाज मला होतीच. एका मासिकात मी वाचलं होतं की उन्हात डोळ्यांना न दिसणारे किरण असतात, जांभळ्या रंगाच्याही पलीकडचे, आणि कातडी भाजते ती त्यांनी. मी मोठ्या उत्साहानं ते सायेबाला सांगितलं. तो दोर वळता वळता म्हणाला, "माले समोरली म्हैस दिखत नही, मास्तर. तुमना न दिखनारा किरणनं काय कवतिक?"

पण एक गोष्ट त्यानं मला विचारली होती, आणि ती अजून माझ्या मनात बसलेली आहे. वैशाख संपता संपता आमच्याकडे दोनतीन दिवस असे येतात की भर दुपारी भिंतीला सावलीच नसते. खांबाची सावली खांबाखाली, माणसाची माणसाच्या पायाखाली. ते दिवस आले की माय त्याला घरात घालून बाहेरून कडी लावी. "असं का व्हस?" त्यानं विचारलं. मी भोपळा घेतला, त्यावर खडूनं कर्कवृत्त काढलं, कंदील धरला आणि समजावलं, की सूर्य वर कर्कवृत्ताकडे सरकतो, वाटेत आपलं गाव लागतं, म्हणून त्या दिवसांत तो बरोबर आपल्या डोक्यावर येतो. सायेबानं भोपळा डोळ्यांशी नेऊन नीट पाहिला.

"म्हंजे ती त्यानी वाट शे?"

"हो."

"मंग वाट बदलावानी काही सोय? तुमना शाळाखातामा कोनी वळखीनं?"

मी हसलो. तोही हसला. पण भोपळा त्यानं परत देताना जरा सांभाळूनच दिला, निखारा द्यावा तसा.

त्याच उन्हाळ्यात मी दुसरा पराक्रम केला. उन्हापासून बचाव कसा करावा हा आरोग्याचा धडा मी मुलांना भर दुपारी पटांगणात उभं करून शिकवू लागलो. मुलं शहाणी होती. एकेक करून ती लिंबाखाली सरकली. धडा मात्र चालू होता. 'डोके झाकावे' इथवर आलो आणि माझं बोडकं डोकं गरगरलं. जमिनीवर पडलो तेव्हा मला पलीकडे धर्मशाळेच्या सावलीच्या कडेला सायेब दिसला. तो कडेवर येऊन थांबला होता. एक पाय पुढे टाकी, मागे घेई. मग त्यानं अंगावरच्या दोराचं वेटोळं सोडलं आणि टोक माझ्याकडे भिरकावलं. नेम चुकला. त्याला कुठं दिसत होतं? पोरं ओरडली, डावीकडे, सायेब, डावीकडे! दुसऱ्यांदा टोक माझ्या तोंडावर आलं. "धरा, मास्तर! माले येता येत नही, दोर धाडेल शे!" मी धरलं आणि त्यानं मला विहिरीतल्या बादलीसारखं ओढून घेतलं. सदऱ्याची पाठ गेली, पण जीव राहिला. वर त्याचीच मला समजूत, "उलसं ऊन सगळासले लागस. मन्हा गाववाला व्हयनात तुम्ही."

आता मायबद्दल. तिला मरणाची भीती नव्हती, मरणाच्या महिन्याची होती. ती म्हणे, "मी मरसू ते पौषमा मरसू. उन्हायामा मरीसन मन्हा चांदूले भाजू का?" कारण उघड होतं. आईला अग्नी द्यायचा मुलानं. आंघोळ करून ओल्या धोतरानं, उघड्या अंगानं, बोडक्या डोक्यानं, अनवाणी, हातात मडकं धरून पुढे चालायचं. गावापासून नाल्याकाठच्या मसणवट्यापर्यंत सगळी काळी जमीन, वाटेत झाड म्हणून नाही. सायेबाचे वडील तो लहान असताना श्रावणात गेले होते, आभाळ भरलेलं होतं म्हणून निभावलं. मायनं तेव्हाच मनात हिशेब घातला असावा.

शेजारचे दगडू आबा तिची थट्टा करत. "माय, मरन काय तुले इचारीसन यी?"

"नही इचारो. मी त्याले ओटावर बठाडी ठेवसू. पानी देसू, कळणानी भाकर देसू. पौष लागना का म्हनसू, चाल बाप्पा आते."

आणि तिनं ते एकदा करून दाखवलं. एका चैत्रात तिला असा ताप भरला की वैद्यानं हात झटकले. खांडबाऱ्याला दिलेली तिची लेक, सायेबाची धाकटी बहीण जिजी, रडत येऊन पोचली. दगडू आबांनी तोंडात गंगाजळ घातलं. मीही गंभीर चेहरा करून उंबऱ्यात उभा होतो, आणि सारखा वळून बाहेरचं लखलखतं ऊन पाहत होतो. मायनं एक डोळा उघडला. "काय ओती ऱ्हायनात मन्हा तोंडमा? चैत शे ना? मंग जा आपापला घर." आठवडा संपायच्या आत ती गच्चीवर पापड वाळवत होती, आणि खाली ओसरीतून सायेब ओरडत होता, "माय, ऊन शे वर, खाले ये!" दोघांचं हे भांडण रोजचंच.

त्यानंतर कितीतरी पौष कोरडे गेले. माय काटक होती. दर हिवाळ्यात ती थोडी चिडे, की हेही वर्ष वाया गेलं. आम्ही हसत असू. शेवटी गेली ती वैशाखाच्या शेवटल्या आठवड्यात, सायेबाला घरात कोंडायचे ते दिवस सुरू असताना. पहाटे त्याचा लांब बाह्यांचा अंगरखा धुऊन दोरीवर टाकला आणि तिथंच खाली बसली. आजार नाही, ताप नाही. या खेपेला पाहुण्याला ओट्यावर बसवायला सवडच मिळाली नाही तिला.

पहाटेच्याच गाडीनं माणूस खांडबाऱ्याला धाडला. लेक आल्याशिवाय उचलायचं नव्हतं. जिजी आली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं.

मी दगडू आबांना बाजूला घेऊन म्हटलं, "संध्याकाळपर्यंत थांबू. दिवस कलू द्या."

आबांनी अंगणाकडे हात केला. भट्टीतून यावी तशी झळ आत येत होती. "मास्तर, या तपनमा मढं ऱ्हास का? नि गल्लीमा सकायपासून चूल पेटनी नही. पोऱ्हे भुक्या शेत." मग तेच सायेबाकडे गेले, खाली बसले आणि अगदी हळू म्हणाले, "सायेब, मडकं मी धरस. मन्ही बी मायच व्हती ती. कोनी नाव ठेवाव नही." आबांचं डोकं काय, मन काय, मोठं होतं.

सायेब आईच्या पायाशी बसला होता. ओठांना लोणी नव्हतं. तो म्हणाला, "नही, आबा. जित्ती व्हती तवय मन्हासाठे इतला उन्हाया थांबनी ती. आते नका थांबाडा तिले."

आबांनी उठून त्याच्या आंघोळीचं पाणी काढलं.

त्यानं आंघोळ केली. पागोटं नाही, अंगरखा नाही. त्या माणसाचं उघडं अंग गावानं कधी पाहिलं नव्हतं. ते इतकं पांढरं होतं की बायांनी नजर खाली घातली. धर्मशाळेच्या भिंतीपर्यंत सावलीचं एक बोट सापडत होतं, पुढे तेही संपलं. तो थांबला नाही. डोळे उन्हानं मिटलेलेच होते. खांदेकऱ्यांच्या पुढे तो पायांनी चाचपत चालला होता, मडकं दोन्ही हातांत.

मग जे झालं ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं. माणसं हळूहळू त्याच्याभोवती दाट झाली. डावीकडून, उजवीकडून, मागून. उंच होते ते टाचांवर उचलून चालू लागले. कुणी हात वर धरले. सगळ्यांना एकच हवं होतं, आपली सावली त्याच्या पाठीवर पडावी. पण तो दिवस तसला होता. भोपळ्यावर खडूनं काढून दाखवलेला. आख्खा गाव त्याच्याभोवती होता आणि प्रत्येकाची सावली ज्याच्या त्याच्या पायाखाली.

माझ्याकडे छत्री होती. मडकं धरणाऱ्यावर छत्री धरतात की नाही हे मी कुणाला विचारलं नाही. धावत पुढे गेलो आणि उघडून त्याच्या डोक्यावर धरली. कुणी नको म्हणालं नाही. उलट आबांनी मला वाट करून दिली. दहावीस पावलं मी ती नीट नेली असेन. मग पलीकडच्या शेतातून वावटळ उठली. मी छत्रीचा दांडा घट्ट धरला, छत्रीनं मला धरलं, आणि काळ्या मातीच्या भेगेत पाय अडकून मी तोंडावर पडलो. छत्री सुटली. उलटी होऊन गिरक्या घेत वर, अजून वर, कुणाच्या तरी शेतावरून पार नाल्याकडे. सगळी अंत्ययात्रा थांबून वर बघत होती. कुणाला तरी फिस्सकन हसू फुटलं. सायेबानं न दिसणाऱ्या डोळ्यांनी आवाजाकडे तोंड केलं. "काय व्हयनं?"

"छत्री गई," आबा म्हणाले. "मास्तर पडनात."

"लागनं का त्यासले?" त्यानं विचारलं. त्याच्या खांद्यांवर तोवर लाल चट्टे उमटले होते. "जाऊ द्या छत्री. मायना संगे काहीतरी जावाले पाहिजेच व्हतं."

मसणवट्यात एक खुरटी बाभूळ होती. अग्नी दिल्यावर आम्ही तिच्या त्या फाटक्या सावलीत दाटीवाटीनं उभे राहिलो. कवटी फुटेपर्यंत सायेब मात्र चितेजवळ उभा होता, एका बाजूनं जाळ, वरून ऊन. मला पटांगणातला तो दोर आठवत होता. मी पडलो तेव्हा यानं कडेवर उभं राहून मला ओढून घेतलं होतं. आता कडेवर मी होतो. पण असा कोणता दोर टाकायचा होता, जो धरून तो आला असता?

पाठीचे फोड महिनाभर होते. आबांच्या सुना वाटीतून लोणी पाठवत आणि मी ते कापसानं लावी; तो म्हणे, "आते खरा सायेब दिखस ना? लालेलाल?" फोड सुकले. कानावरचा एक व्रण मात्र सुकला नाही. तो आधीपासूनचाच होता, माय रोज हळद-लोणी लावून त्याला दाबून ठेवी. त्या उन्हानंतर तो पसरू लागला. छकड्यावर गोणपाटाचं छत बांधून, भल्या सकाळी मी त्याला नंदुरबारला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी कान पाहिला, मान चाचपली आणि सांगितलं, "यांना उन्हात जाऊ देऊ नका." मग मला एकट्याला व्हरांड्यात बोलावलं. मुंबईला नेऊन पाहा म्हणाले, पण त्यांच्या आवाजात मुंबई फार लांब होती.

परतताना सायेब गोणपाटाखाली पडून हसत होता. "उन्हमा जाऊ नका! इतलं ते मन्ही माय रोज सांगे." थोड्या वेळानं म्हणाला, "मुंबईमा सावली शे का, मास्तर?" मी म्हटलं, उंच इमारती आहेत, खूप आहे. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "तठली सावली माले वळखाव नही."

त्यानंतर तो धर्मशाळेच्या भिंतीकडे येईनासा झाला. मी त्याच्याकडे जाई. तो बोलता बोलता खाटेवरसुद्धा सवयीनं थोडा सरके, आणि मीही. शेवटी शेवटी बाहेर कडाक्याची थंडी पडली होती. गावात उसाच्या गुऱ्हाळाचा वास. तो म्हणाला, "कोनता मयना शे?" मी पौष म्हटलं. "मायनी पौष मांगेल व्हता," तो म्हणाला, "भेटना माले."

त्याच पौषात तो गेला. लग्न झालेलं नव्हतं. असल्या माणसाला पोरगी कोण देणार? मडकं दगडू आबांनी धरलं, या खेपेला कुणी नाही म्हणायला नव्हतं. सकाळची वेळ होती. खानदेशातली पौषातली थंडी, हाडांत शिरणारी. अशा वेळी गावातलं कुत्रंसुद्धा उन्हाचा तुकडा शोधून बसतं. रस्त्याच्या एका बाजूला पिवळंधमक कोवळं ऊन पडलं होतं. खांदेकऱ्यांचे दात वाजत होते. पण तिरडी निघाली ती दुसऱ्या बाजूनं, घरांच्या भिंतींना घासत, सावलीसावलीतून. कुणी तसं सांगितलं नव्हतं. मी खांदा दिला होता आणि माझं कोपर प्रत्येक भिंतीला खरचटत होतं. मीही उन्हाच्या बाजूला सरकलो नाही.

धर्मशाळेची भिंत संपली. पुढे सगळं उघडं शेत, आणि त्यावर ऊन. तिरडी थांबली. तिरडी टेकवायचा विसावा तिथं नव्हता, तो पुढे होता. आबा पुढे मडकं धरून उभे, त्यांची पावलं बरोबर सावलीच्या कडेवर. मागचे पुढे पाहीनात, पुढचे मागे पाहीनात. वेशीपर्यंत आलेल्या बायांमधून जिजी पुढे आली. रडून तिचा आवाज बसला होता.

"चाला ना, आबा," ती म्हणाली. "थांबनात कसाले? आते मन्हा भाऊले ऊन काय करस?"

आबांनी मान वळवली नाही. "त्याले काय नही करत व, बाई," ते म्हणाले. "आमनाच पाय उठत नही."